‘जर’, ‘तर’ आणि अडीच हजारांचा सदरा

आपल्या ओळखीच्या बहुतेक घरांत आज एक तरी मूल संगणकाची भाषा शिकत असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून मुलांना कोडिंगची ओळख करून द्यावी असे सुचविले. केंद्रीय मंडळाच्या अकरावीच्या संगणकशास्त्रात पायथन ही भाषा नेमलेली आहे. शाळेत नसेल तर उन्हाळी सुटीत एखादा वर्ग लावलेला असतोच. पहिल्या काही दिवसांत मुले पडद्यावर आपले नाव उमटवितात, दोन संख्यांची बेरीज करतात आणि मग एके दिवशी ‘इफ’ या शब्दापाशी येऊन पोहोचतात. ‘इफ’ म्हणजे आपले ‘जर’. या लेखात त्या एका शब्दाविषयी लिहायचे आहे, आणि तेही दुकानदाराच्या बाजूने. कारण माझी अशी पक्की समजूत झाली आहे की, त्या शब्दाचे व्याकरण शाळेतील शिक्षकाने शिकवावे. पण त्यात काय लिहायचे हे गल्ल्यावर बसणाऱ्या वडिलांनीच सांगावयास हवे.

संगणकाच्या पुस्तकांत या प्रकाराला ‘निवड’ म्हणतात. कोराडो बोम आणि जुझेप्पे याकोपिनी या दोघा इटालियन संशोधकांनी १९६६ मध्ये असे दाखवून दिले की, कितीही गुंतागुंतीची आज्ञावली केवळ तीन प्रकारच्या रचनांतून उभी करता येते : एकामागून एक करावयाची कामे, तेच काम पुनःपुन्हा करणे, आणि अट पाहून दोन वाटांपैकी एक निवडणे. दुकानात पाहिले तर सकाळी शटर वर करणे, गल्ला मोजणे, कालची उधारी काढणे हा क्रम झाला. प्रत्येक गिऱ्हाइकाचे बिल करणे ही पुनरावृत्ती. आणि ‘याला उधार द्यावे की नाही’ ही निवड. पहिली दोन कामे नवा नोकर आठवडाभरात शिकतो, तिसरे शिकण्यास वर्षे लागतात. यंत्रांचेही काहीसे तसेच झाले. जर्मनीत कोनराड त्सुझे यांनी १९४१ मध्ये तयार केलेल्या झेड-३ या यंत्राला आकडेमोड उत्तम येत होती. परंतु अट पाहून वाट बदलण्याची आज्ञा त्यात नव्हती.

आयबीएमने १९५७ मध्ये आणलेल्या फोरट्रान या भाषेतील ‘इफ’ तर हिशेबनिसाला आपलाच वाटावा असा होता. त्यात एक आकडा द्यायचा आणि पुढे तीन वाटा लिहायच्या. आकडा शून्याहून कमी असेल तर पहिली वाट, शून्य असेल तर दुसरी, शून्याहून अधिक असेल तर तिसरी. खतावणीत बाकी काढणाऱ्याला तरी चौथी वाट कोठे ठाऊक असते? येणे, देणे, नाहीतर खाते चुकते. पुढच्या भाषांनी ही रीत मागे टाकली आणि प्रश्न ‘होय की नाही’ एवढ्यावर आणला. त्यात सोय झाली हे खरे. पण मधली वाट, म्हणजे आकडा बरोबर सीमेवर असण्याची वाट, विसरण्याची सवयही लागली. नवशिक्यांचे प्रोग्राम मी पाहतो तेव्हा चूक शोधण्यासाठी प्रथम तेथेच पाहतो.

बरोबर अडीच हजार असेल तर?

तयार कपड्यांच्या दुकानाचे उदाहरण घेऊ, कारण त्यातील नियम अलीकडेच बदलला आहे आणि तो सर्वांना तोंडपाठ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याचा विक्रीचा भाव प्रति नग २,५०० रुपयांपर्यंत असेल तर वस्तू व सेवा कर ५ टक्के, त्याहून अधिक असेल तर १८ टक्के. गेली काही वर्षे मी रविवारी सकाळी परिचितांच्या मुलांबरोबर संगणकापाशी बसतो. त्यांपैकी नववीतील एका मुलीच्या वडिलांचे तयार कपड्यांचे दुकान आहे. तिने हा नियम लिहावयास घेतला आणि शेजारी बसलेल्या वडिलांना विचारले,

“पप्पा, अडीच हजारांच्या आत पाच टक्के ना?”

“हो. आणि वर गेलं की अठरा.”

“आणि बरोबर अडीच हजार असेल तर?”

“तो आतच धरायचा, बेटा. अडीच हजार बरोबर असला तरी पाचच.”

“मग तुम्ही ‘आत’ का म्हणता? ‘पर्यंत’ म्हणा ना.”

वडील हसले, पण मुलीचे म्हणणे बरोबर होते. आपण दुकानात ‘आत’, ‘वर’, ‘पर्यंत’, ‘पासून’ हे शब्द सैलपणे वापरतो, कारण ऐकणाऱ्याला आपला आशय ठाऊक असतो. संगणकाला आशय ठाऊक नसतो. त्याच्यापाशी ‘पेक्षा कमी’ हे एक चिन्ह आहे आणि ‘पेक्षा कमी किंवा तितकेच’ हे दुसरे. या दोहोंत एका बरोबरीच्या चिन्हाचा फरक. मुलीने शेवटी जे लिहिले ते मराठीत मांडले तर असे दिसते :

जर भाव <= २५०० :
    दर = ५
नाहीतर :
    दर = १८

पायथनमध्ये ‘जर’च्या जागी ‘इफ’ आणि ‘नाहीतर’च्या जागी ‘एल्स’ येतो, एवढाच फरक. आता पहिल्या ओळीतील बरोबरीचे चिन्ह राहून गेले असे समजा. २,४९९ रुपयांच्या सदऱ्याचे बिल बिनचूक येईल, २,६०० च्या सदऱ्याचेही येईल. चार दिवस कोणाच्या लक्षातही येणार नाही. परंतु अडीच हजार हा काही आडवळणाचा आकडा नाही. करमर्यादेमुळे आता कित्येक नगांचा भाव मुद्दाम तेवढाच ठेवला जातो. त्या नगावर १२५ रुपयांऐवजी ४५० रुपये कर लागेल. गिऱ्हाईक बिल वाचणारे असेल तर लगेच भांडेल. वाचणारे नसेल तर जादा घेतलेली रक्कम सरकारजमा करावी लागेल आणि दुकानाचे नाव जाईल ते वेगळेच.

येथे एक गोष्ट नजरेत भरते. २,५०० रुपयांच्या सदऱ्याचे करासह २,६२५ रुपये होतात, आणि २,५०१ रुपयांच्या सदऱ्याचे २,९५१ रुपये १८ पैसे. भाव एक रुपयाने वाढला की गिऱ्हाइकाच्या खिशातून ३२६ रुपये १८ पैसे अधिक जातात. प्राप्तिकरातही अशी कड आहे. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. १२ लाख १० हजारांवर टप्प्यांच्या हिशेबाने ६१,५०० रुपये येतात. पण तेथे कायद्याने आणखी एक ‘जर’ घातला आहे : बारा लाखांवरचे उत्पन्न जेवढे, त्याहून अधिक कर घ्यायचा नाही. म्हणून उपकर सोडून केवळ १०,००० रुपये भरावे लागतात. कपड्यांच्या करात असा उतार ठेवलेला नाही, सरळ कडा आहे. मुलांना हे दोन्ही नियम शेजारी शेजारी लिहावयास सांगावे. कायदे करणाऱ्यांनाही ‘जर’ लिहिताना डोके खाजवावे लागते, हे त्यांच्या ध्यानात येते.

भाव म्हणजे कोणता भाव?

अट बिनचूक लिहिली तरी तिच्यात घातलेला आकडा कोणता, हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते अधिक नुकसान येथे होते. ९०० रुपयांचे चार सदरे घेतले तर बिलाच्या त्या ओळीची रक्कम ३,६०० होते. मुलाने अटीत ओळीची रक्कम घातली तर संगणक बिनदिक्कत १८ टक्के लावून ६४८ रुपये कर मागेल. वास्तविक नियम प्रति नग आहे, म्हणून कर १८० रुपये. व्याकरणात काही चूक नाही. प्रोग्राम तक्रारही करीत नाही.

सुटीचेही तसेच. कर वगळून २,८०० रुपये भावाच्या कुर्त्यावर दुकानदाराने बिलातच १५ टक्के सूट दाखविली तर विक्रीमूल्य २,३८० रुपये होते. बिलात दाखविलेली सूट वजा जाऊन जे राहील त्यावर कर, असा नियम असल्यामुळे दर ५ टक्के, कर ११९ रुपये आणि एकूण २,४९९. परंतु आधी दर ठरविला आणि मागून सूट वजा केली तर २,३८० वर १८ टक्के लागून बिल २,८०८ रुपये ४० पैशांचे होते. सूट देऊनही मूळ भावापेक्षा बिल मोठे! दोन्ही प्रोग्रामांत ओळी त्याच आहेत, फक्त त्यांची जागा बदललेली आहे.

यापुढची पायरी खऱ्या अर्थाने व्यापाऱ्याची आहे. पुष्कळ दुकानांत टॅगवर करासह किंमत छापलेली असते. समजा टॅग २,७०० रुपयांचा आहे. ५ टक्के धरून कर बाजूला काढला तर मूळ भाव २,५७१ रुपये ४३ पैसे येतो, म्हणजे मर्यादेच्या वर. तेव्हा ५ टक्के लावता येत नाहीत. बरे, १८ टक्के धरून काढला तर मूळ भाव २,२८८ रुपये १४ पैसे येतो, म्हणजे मर्यादेच्या आत. तेव्हा १८ टक्केही लावता येत नाहीत. मुले येथे थबकतात आणि आपलेच काही चुकले असे समजतात. चुकलेले काही नसते. मूळ भाव २,५०० पर्यंत असेल तर करासह रक्कम २,६२५ च्या पुढे जात नाही, आणि भाव २,५०० च्या वर गेला की ती २,९५० च्या खाली येत नाही. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात करासह किंमत बसूच शकत नाही. असा टॅग लावावा की नाही, लागलाच असेल तर तो वर न्यावा की खाली आणावा, हे मालकाने आपल्या कर सल्लागाराला विचारून ठरवावयाचे. संगणकाने फार तर हा नग बाजूला ठेवून विचारावे, ‘याचे काय करू?’

आणि हे विचारणेसुद्धा आपणच लिहून ठेवावे लागते. बँकेत लेजरच्या टेबलावर चेक पास करण्याचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातील मर्म चटकन कळेल. चेकची तारीख तीन महिन्यांच्या आतली आहे का, अक्षरी व आकडी रक्कम जुळते का, सही नमुन्याशी मिळते का, पैसे थांबविण्याची सूचना आहे का, खात्यात शिल्लक आहे का, हे प्रश्न कारकून ठरलेल्या क्रमाने विचारीत असे. शिल्लक कमी पडली तर आणखी एक आतला प्रश्न : या खात्याला ओव्हरड्राफ्टची मर्यादा आहे का? आणि कशातच न बसणारा चेक आला तर तो उठून साहेबांच्या टेबलापाशी जाई. नवशिक्याच्या प्रोग्रामात हे ‘साहेबांचे टेबल’ नसते. त्याच्या ‘नाहीतर’मध्ये उरलेले सगळे जग कोंबलेले असते. कपडा असो, छत्री असो वा रिकामी ओळ असो, अडीच हजारांच्या आत नाही ना, मग १८ टक्के! ओळखीच्या सर्व गोष्टी नावानिशी लिहाव्यात आणि ‘नाहीतर’ हा शब्द शक्यतो थांबण्यासाठी राखून ठेवावा, अशी सवय मी मुलांना लावू पाहतो. त्यांना ते कंटाळवाणे वाटते.

घाऊक सूट आणि अटींचा क्रम

दोनांहून अधिक वाटा असल्या की ‘एलिफ’ हा जोडशब्द येतो. ‘नाहीतर जर’ असा त्याचा अर्थ. घाऊक व्यापाऱ्याची सूट पाहा : १०,००० च्या वर खरेदीला ५ टक्के, २५,००० च्या वर ८ टक्के, ५०,००० च्या वर १० टक्के. बोलताना आपण लहान आकड्यापासून सुरुवात करतो, मुलेही तशीच लिहितात. साठ हजारांची खरेदी करणारा आला की संगणक पहिली अट पाहतो. साठ हजार हे दहा हजारांच्या वर आहेत का? आहेत. मग ५ टक्के, आणि पुढच्या अटी तो वाचतच नाही. सहा हजारांची सूट मिळावयाची तेथे तीन हजार मिळतात आणि चांगला गिऱ्हाईक दुसऱ्या पेढीवर जातो. उलट प्रत्येक अट स्वतंत्र ‘जर’ म्हणून लिहिली आणि प्रत्येक ठिकाणी रकमेतून सूट वजा करीत गेलो, तर ५, ८ आणि १० मिळून २३ टक्के, म्हणजे १३,८०० रुपये हातचे जातात. उपाय सोपा आहे : मोठी अट आधी लिहावी, म्हणजे पन्नास हजार वर, त्याखाली पंचवीस, त्याखाली दहा.

‘आणि’ व ‘किंवा’ हे शब्द याहून फसवे. “जुन्या गिऱ्हाइकाला किंवा रोख देणाऱ्याला, आणि पाच हजारांवर खरेदी असेल तर, सूट द्यायची.” हे वाक्य कोणत्याही पेढीवर ऐकू येईल, आणि नोकराला त्याचा अर्थ समजतो. पायथनमध्ये मात्र ‘आणि’ हा ‘किंवा’पेक्षा आधी बांधला जातो, जसा गणितात गुणाकार बेरजेआधी होतो. परिणामी ‘रोख देणारा आणि पाच हजारांवर खरेदी’ एवढीच जोडी बनते, आणि जुना गिऱ्हाईक पन्नास रुपयांचा रुमाल घेऊनही सुटीस पात्र ठरतो. ‘जुना किंवा रोख’ एवढा भाग कंसात घातला की अर्थ जागेवर येतो. बोलण्यात आपण स्वल्पविरामाच्या जागी थांबून जे साधतो ते येथे कंसाने साधायचे.

बरोबरीच्या चिन्हाविषयीही दोन शब्द. ‘दर = ५’ याचा अर्थ ‘दर पाच ठेव’ असा आहे; ‘दर पाच आहे का?’ असे विचारायचे असेल तर तेच चिन्ह दोनदा लिहावे लागते. एक नोंद आहे, दुसरी तपासणी. कीर्द लिहिणारा आणि ती तपासणारा यांची पेन्सिल वेगळ्या रंगाची का असते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा भेद सांगावा लागणार नाही. पायथनमध्ये अटीच्या जागी एकच चिन्ह पडले तर यंत्र तेथेच अडते. सी या जुन्या भाषेत ते अडत नसे. तपासायला गेलेला मनुष्य नोंदच बदलून येई.

सीची गोष्ट निघालीच आहे तर एक प्रसिद्ध प्रकरण सांगण्यासारखे आहे. सीमध्ये ‘इफ’खालच्या ओळी महिरपी कंसात घालाव्यात असा संकेत आहे; कंस नसेल तर फक्त पहिली आज्ञा अटीखाली येते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीला आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती द्यावी लागली, ती यामुळेच. सुरक्षित जोडणी खरी की खोटी हे तपासणाऱ्या भागात एका ‘इफ’खाली ‘गो टू फेल’ ही आज्ञा चुकून दोनदा लिहिली गेली होती. दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवलेल्या, म्हणून वाचणाऱ्याला दोन्ही अटीखालच्या वाटल्या. यंत्राच्या दृष्टीने दुसरी ओळ अटीबाहेर होती. ती दर वेळी चालली आणि पुढची तपासणी कधी झालीच नाही. गिडो व्हान रोसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पायथनमध्ये ओळ किती आत सरकवली आहे यावरच ती कोणत्या अटीखाली आहे हे ठरते. डोळ्यांना दिसते तेच यंत्र मानते. मुले सुरुवातीला या मोकळ्या जागांना वैतागतात. पण खतावणीत पोटखाते मुख्य खात्याच्या आत सरकवून लिहिण्याची आपली रीत दाखविली की त्यांचा राग निवळतो.

तारखेची अट

आता त्या मुलीच्या चार ओळींकडे परत येऊ. त्या अजून अपुऱ्या आहेत. न शिवलेल्या कापडाला किमतीचा हा भेद लागू नाही, त्याला ५ टक्केच. म्हणून किमतीच्या आधी ‘माल कोणता’ हा प्रश्न यावयास हवा. आणि त्याहीआधी तारीख. २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत तयार कपड्यांची मर्यादा २,५०० नसून १,००० होती, आणि तिच्यावरचा दर १२ टक्के होता. २० सप्टेंबरला विकलेला १,८०० रुपयांचा सदरा गिऱ्हाइकाने २५ तारखेला परत आणला, तर त्याने भरलेला कर २१६ रुपये आहे. आजच्या तारखेने चालणारा प्रोग्राम त्याला ९० रुपयेच परत करील. म्हणजे अटीत घालायची तारीख आजची नाही, मूळ बिलाची. प्रश्नात प्रश्न अशी ही रचना मुलांना कागदावर झाडाच्या फांद्यांसारखी काढावयास सांगावी, मगच संगणकाला हात लावू द्यावा.

तारखांच्या अटींनी मोठमोठ्यांना चकविले आहे. चारने भाग गेला तर लीप वर्ष, हे सर्वांना ठाऊक असते. शतकाच्या वर्षाला मात्र ४०० ने भाग जावा लागतो, म्हणून २००० हे लीप वर्ष होते आणि १९०० नव्हते. लोटस १-२-३ या हिशेबाच्या प्रोग्रामात १९०० हे लीप वर्ष धरले गेले, आणि त्याच्या फायली आपल्याकडे चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक जाणूनबुजून तशीच ठेवली. विश्वास बसत नसेल तर दुकानातील एक्सेलमध्ये ६० हा आकडा टाकून त्या घराला तारखेचे रूप द्यावे. कधी न उगवलेला २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस दिसेल.

पैशांच्या जुळणीबाबतही सावध राहावे. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ इतकीच आहे का असे विचारले तर उत्तर ‘नाही’ असे येते, कारण दशांश अपूर्णांक तो आत द्विमान पद्धतीने ठेवतो आणि शेवटी केसभर फरक राहतो. रोजमेळ जुळला का, ही अट अशा आकड्यांवर लिहिली तर तो कधी जुळेल, कधी जुळणार नाही. सर्व रकमा पैशांत, म्हणजे पूर्णांकात ठेवाव्यात आणि छापताना शंभराने भागावे. जाता जाता एक सुखद गोष्ट : वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर पायथन आधी अक्षरे म्हणूनच घेतो, त्याचा आकडा करून घ्यावा लागतो, पण तो मजकूर देवनागरीत ‘२५००’ असा लिहिलेला असला तरी पायथन त्याचा आकडा निमूटपणे करून देतो.

प्रोग्राम तयार झाला की मुले दोन सोपे आकडे घालून पाहतात आणि ‘चालला!’ म्हणून उठतात. त्यांना उठू देऊ नये. २,४९९, २,५०० आणि २,५०१ हे तीन भाव घालावयास लावावेत. एकाच बिलात चार नग घालावेत, सूट देऊन पाहावी, शून्य भावाचा भेटीचा नग घालावा. आणि परत आलेला माल अवश्य घालावा. पुष्कळ मुले परतीची नोंद उणे रकमेने करतात. ३,००० रुपयांचा सदरा परत आला म्हणून भाव उणे ३,००० लिहिला, तर उणे ३,००० हे २,५०० पेक्षा कमीच आहेत. अट खरी ठरते आणि ५ टक्के दर लागतो. ५४० रुपये कर भरलेल्या गिऱ्हाइकाला १५० रुपये परत मिळतात. भाव नेहमी अधिकच ठेवावा, उणे करायची ती नगांची संख्या.

यानंतर दुकानातील गेल्या महिन्यातील एका दिवसाची सर्व बिले मुलापुढे ठेवावीत आणि त्याच्या प्रोग्रामातून एकेक काढून मूळ बिलाशी ताडून पाहावीत. शंभर बिलांचे काम असेल तर दुपार जाईल, जाऊ द्यावी. न जुळलेली बिले वेगळी काढावीत. काहींत चूक प्रोग्रामची निघेल, काहींत बिल करणाऱ्याची. आणि एखादे बिल २,७०० रुपयांच्या टॅगचे असेल, ते वडिलांनी कर सल्लागाराकडे न्यावे.